वेणीमामांच्या विहिरीत कुणाचं पाणी?

डाळ शिजत नाही म्हणून कुणी एवढं तोंड पाडून बसतं का? १९९४च्या आषाढात मी छत्राच्या अंगणात सायकल लावली, तेव्हा वेणीमामा पातेल्यासमोर उकिडवे बसले होते आणि घरात कुणी आजारी असावं तसा चेहरा करून आत बघत होते.

"बाळू, इकडे ये. हे काय आहे सांग."

"वरण."

"वरण नाही. गरम पाण्यात पोहणारी डाळ आहे. दोन तास झाले."

"दोन तास आणि एक घमेलं कोळसा," इरावतीमामी आतून ओरडल्या. "तेही सांगा!"

वेणीमाधव सरवटे. काशीत राजा घाटाच्या वरच्या गल्लीत महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी एक लहान छत्र आहे, उतरायला सहा खोल्या आणि दोन वेळचं जेवण. तिथले ते आचारी. सव्वीस वर्षं रोज पहाटे अंघोळ करायची, ओलेत्याने छत्राच्या विहिरीवर जायचं, चाळीस कळश्या ओढायच्या आणि मग भट्टी पेटवायची. नळाचं पाणी सोवळ्याला चालत नाही, कारण जुन्या नळाच्या आत चामड्याचा वायसर असायचा. पुढे रबराचा आला, पण आमच्या लोकांना एकदा लागलेला विटाळ सहजी सुटत नाही. म्हणून छत्राचा स्वयंपाक विहिरीवरच चालायचा.

आणि ती विहीर साधी नव्हती. तिच्यात गंगा येते, असं सगळी गल्ली मानायची. जमिनीखालून गंगेचा गुप्त झरा आहे म्हणे. कठड्याशेजारी तशी पाटीही होती. यात्रेकरू आले की मामा त्यांना विहिरीपाशी न्यायचे, तीर्थ हातावर द्यायचे आणि गुप्त झऱ्याची गोष्ट सांगायचे. समोरच्या ताटलीत लोक काहीबाही टाकायचे. पगारापेक्षा ती ताटली बरी, असं मामी म्हणायच्या.

त्या चैत्रापासून माझं आणि मामांचं बोलणं बंद होतं, आणि बंद मी केलं होतं. कारण सांगतो.

छत्राच्या मागे, चारेकशे पावलांवर कनेरी पोखरा, म्हणजे तळं. तीन मालकांचा. एक तृतीयांश भाग छत्राचा, बाकीचे दोन हिस्से दुसऱ्यांचे. तो मातीने बुजवून त्यावर कॉलनी उठवायची टूम निघाली होती. बाकी दोघे विकून मोकळे झाले. राहिलं छत्र. कॉलनीवाल्यांचा माणूस लल्लन गोड बोलून आला: तुम्ही हरकत नसल्याचं पत्र द्या, आम्ही तुम्हाला बोअर खणून देतो, वर मोटर फुकट. बोअर त्याने लगेच खणलीसुद्धा आणि तिच्यावर तात्पुरता चांपाकल, म्हणजे हातपंप, बसवला. मोटर मात्र पत्रावर सह्या झाल्यावर. पत्र पितृपक्षात, छत्राच्या संस्थापकांच्या तिथीला, विश्वस्त जमतील तेव्हा सही करायचं ठरलं होतं.

मी पोखरे आणि कुंडं वाचवायला गल्लीबोळ फिरणारा माणूस. कुठल्या कॉलेजात शिकलेलो नाही, जे आलं ते पत्रकं वाचून आणि कचेऱ्यांमधून धक्के खाऊन आलं. तर मी विश्वस्तांना समजवायला गेलो आणि तिथे कळलं, की बोअर मागणारा अर्ज खुद्द वेणीमामांनी दिलाय! मी अंगणातच वाट्टेल ते बोललो. मामा फक्त म्हणाले, "तू चाळीस कळश्या ओढून दाखव, मग बोल." त्यांचा उजवा खांदा गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी बोललो असतोच म्हणा.

आता तेच मामा मला बोलावून डाळ दाखवत होते.

झालं असं, की त्या दिवशी खांदा फारच धरला. साताऱ्याच्या यात्रेकरूंच्या बसचा ड्रायव्हर आणि क्लीनर बाहेरच्या पडवीत जेवणार होते. त्यांच्यासाठी सोवळं नको, म्हणून मामींनी चांपाकलचं पाणी घेऊन वेगळी डाळ लावली. तीच तूर, तेच पातेलं, तोच कोळसा. आणि ही अशी.

"बोअरचं पाणी जड आहे," मी म्हणालो. "खालच्या थरातला चुना असतो त्यात. डाळ नाही शिजत, साबणाला फेस नाही येत."

"ते कळलं रे. मला वेगळंच खटकतंय." मामा पातेल्यातून नजर काढेनात. "आपल्या विहिरीच्या पाण्यात डाळ पाऊण तासात लोण्यासारखी होते. का?"

"पाणी हलकं आहे म्हणून."

"गंगेचं ना?"

काशीत बसून हे बोलायला माझीसुद्धा जीभ जरा अडखळली. "मामा, तुमच्या विहिरीत गंगा येत नाही. पोखरा येतो."

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पळी बसते. पण मामा म्हणाले, "असं कसं? शिजवून बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मागच्या अंगणात चार शेगड्या मांडल्या. चारी शेगड्यांत सारखा कोळसा, मामींनी तराजूत तोलून घातला. चार पातेली, प्रत्येकात एकाच पोत्यातली दोन वाट्या तूर. एकात विहिरीचं पाणी, एकात चांपाकलचं, एकात राजा घाटावरून आणलेली गंगा आणि एकात मी पोखऱ्यातून आणून फडक्याने गाळलेलं पाणी. हे सगळं ओवळ्यातलं काम. मामांनी सोवळं सोडून पंचा गुंडाळला होता आणि अंगठ्याने डाळ दाबत ते चारी पातेल्यांभोवती फिरत होते.

विहिरीची डाळ पाऊण तासात झाली. तिच्या मागोमाग पोखऱ्याची. गंगेची व्हायला सव्वा तासावर वेळ गेला. चांपाकलची झालीच नाही.

मी जिंकल्यासारखा टाळ्या पिटायला लागलो. मामांनी हात वर केला.

"थांब. गंगा घाटापासून विहिरीपर्यंत मातीतून येते. येता येता हलकी होत असेल. तसं नाही हे तुला कसं माहीत?"

मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. मी पंधरा कचेऱ्यांत गेलो होतो, एकाही साहेबाने मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. त्यांचा प्रश्न एकच असायचा. एका बाबूने तर किमतीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "जमीन का रेट मालूम है। पोखरे की कीमत क्या लिखें?" मी छाती काढून म्हणालो, "अनमोल लिखिए!" तो हसला. "अनमोल लिखने की जगह नहीं है भाई। खाली छोड़ेंगे तो शून्य ही पढ़ा जाएगा।" मी त्याच्या टेबलावर फाईल आपटून आलो होतो. रकाना मात्र रिकामाच राहिला.

"मामा, ज्येष्ठात गंगा किती उतरते?"

"पायऱ्या उघड्या पडतात. पंचवीस, तीस."

"आणि तुमची विहीर?"

मामांनी उत्तरासाठी डोकं खाजवलं नाही, दोन्ही हात पुढे केले. दोर धरल्यासारखे. डोळे मिटून त्यांनी हवेतच कळशी सोडली. "ज्येष्ठात... दोन हात जास्त दोर लागतो. फार तर अडीच."

"गंगा तीस पायऱ्या खाली आणि विहीर फक्त दोन हात?"

मामांनी हवेतला दोर पुन्हा एकदा ओढून बघितला.

"आणि भाद्रपदात गंगा चढते तेव्हा?"

"तेव्हा विहीर चढते, पण गंगेबरोबर नाही. इथे चांगला पाऊस झाला की मग आठ-दहा दिवसांनी..." ते थांबले. "अगं, ऐकतेस का? अठ्ठ्याहत्तरच्या पुरात गंगा गल्लीच्या तोंडाशी आली होती. विहीर होती तिथेच होती. सगळे म्हणाले, देवाची कृपा."

"आणि सत्त्याऐंशीला?" मामी म्हणाल्या.

सत्त्याऐंशी सालच्या दुष्काळात छत्राची विहीर आटली होती. गंगा तर वाहतच होती, रोज लोक बुडी मारत होते. मग तिच्या गुप्त झऱ्याला काय झालं? आमच्या शहाण्या लोकांनी ठरवलं, की गंगा रुसली. यज्ञेश्वरपंतांनी, म्हणजे छत्राच्या अध्यक्षांनी, मुहूर्त काढला. एकशे आठ घागरी गंगा घाटावरून वाहून आणली आणि मंत्र म्हणत विहिरीत ओतली. पाणी चार दिवस टिकलं.

"त्या एकशे आठातल्या साठ मी आणल्या," मामा म्हणाले.

"आणि त्या वर्षी मी कुठे होतो ठाऊक आहे? कनेरी पोखऱ्याच्या तळात. क्रिकेट खेळत होतो. पोखरा ठणठणीत कोरडा पडला होता."

मामा हळूच हसायला लागले. "म्हणजे हे सगळं माझ्या हातात होतं. सव्वीस वर्षं. डोक्यात तेवढं नव्हतं."

तेव्हापासून त्यांना प्रश्नांनी झपाटलंच. मी गेलो की एक तयार. पोखऱ्यात म्हशी डुंबतात, धोबी कपडे धुतो, वर हिरवा थर, मग विहिरीत पाणी स्वच्छ कसं? मी पत्रकात वाचलेलं सांगितलं: काठचं गवत, त्याची मुळं, तळाचा गाळ, मग चारशे पावलं माती. मामांनी लगेच आपल्या भाषेत घेतलं. "फडक्यात दही बांधून टांगतो तसं. चक्का वर, पाणी खाली. पण फडकं मळलं की धुवावं लागतं. पोखऱ्याचं फडकं कोण धुतं?" मी म्हणालो, पूर्वी दर काही वर्षांनी लोक गाळ काढायचे. "आणि आता?" आता कुणी नाही. "मग अजून किती वर्षं गाळेल ते?" ठाऊक नाही म्हणालो. मामा विचित्रच नजरेने बघायचे माझ्याकडे. एवढं भांडतोस आणि एवढंही माहीत नाही?

किमतीचा रकानाही त्यांनीच भरायला घेतला, पैशात नाही, कोळशात. बोअरच्या पाण्यावर रोजचा स्वयंपाक करायचा तर भट्टीला किती जास्त कोळसा लागेल, ते मामींनी शेगडीवरून हिशेब करून सांगितलं: दिवसाला अडीच घमेली. मामा म्हणाले, "आणि बिजली गेली तर मोटर कोण चालवणार, लल्लन? पोखऱ्याला बिजली लागत नाही." पावसात गल्लीत पाणी का तुंबत नाही, तेही मामांनी विचारून काढलं. सगळा मोहल्ला पोखऱ्याकडे उतरता आहे. पाऊस पिणारा तो, साठवणारा तो, गाळून विहिरींना पाजणारा तो. "बाळू, एवढी कामं करणारा माणूस ठेवायचा तर पगार काय द्यावा लागेल रे?" ही गोष्ट पत्रकात इतकी सोपी करून कुणी लिहिली नव्हती.

पण पत्रावर सह्या व्हायला तीन आठवडे उरले होते, आणि ते थांबवायचं तर एकच माणूस बोलू शकत होता. अर्ज देणारा. माझं तर विश्वस्त तोंडही बघत नव्हते. मी म्हणालो, "मामा, तिथीच्या दिवशी तुम्ही उभे राहा आणि सांगा."

"काय सांगू?"

"विहिरीत गंगा नाही, पोखरा आहे. पोखरा गेला की विहीर गेली, सोवळं गेलं, छत्र गेलं."

मामींनी निवडायला घेतलेली डाळ तशीच ठेवली. "आणि ताटलीत काय पडेल? 'या, म्हशीच्या पोखऱ्याचं तीर्थ घ्या'? हे छत्र त्या झऱ्याच्या नावावर चालतंय बाळू. यांनी सव्वीस वर्षं लोकांना तेच सांगितलंय. आता म्हणायचं, खोटं बोललो?"

"खोटं नव्हतो बोललो गं," मामा म्हणाले. "चुकीचं बोललो."

"लोकांना फरक कळतो का तो?"

चौथ्या दिवशी मामांनी मला एवढंच सांगितलं, "तिथीला ये. पण दारात उभा राहा आणि तोंड उघडू नकोस. तू बोललास की काम बिघडतं." मी चिडलो. पण गेलो, आणि खरंच तोंड शिवून उभा राहिलो.

पाच विश्वस्त सोवळं नेसून पाटावर बसले होते. श्राद्धाचं जेवण व्हायचं होतं. यज्ञेश्वरपंतांच्या पुढ्यात पत्र, शाईचं पेन. बाहेर ओट्यावर लल्लन पान चघळत बसलेला. मोटरचं खोकं त्याने रिक्षात घालून आणलंच होतं.

मामा दोन पातेली घेऊन आले आणि दारालगत, विश्वस्तांपासून हातभर लांब ठेवली.

"हे काय, वेणीमाधव?" यज्ञेश्वरपंत दचकले. "पंक्तीच्या आधी?"

"हे पंक्तीचं नाही. डावीकडचं चांपाकलच्या पाण्यातलं. वायसरला चामडं आहे, आपण कुणी हात लावू नका. नुसतं बघा."

त्यांनी डाव्या पातेल्यात पळी बुडवली आणि उंचावरून सोडली. आधी पाणी पडलं. मागून डाळ, एकेक दाणा, पातेल्याच्या बुडावर टकटक वाजत. मग उजव्या पातेल्यातून पळी भरली. वरण एका धारेत, आवाज न करता उतरलं.

"उजवीकडचं आपल्या विहिरीचं. पाऊण तास. डावीकडचं तीन तासांचं. उद्यापासून मोटर लागली की हे ताटात येईल."

खजिनदार गोपीनाथराव पुढे झुकले. त्यांच्या वरच्या दातांची कवळी आम्हा सगळ्यांना माहीत होती. "हे चावायचं?"

"मग विहीर आहेच की," यज्ञेश्वरपंत म्हणाले. "तुमचाच अर्ज होता, खांदा दुखतो म्हणून. मोटर खरकट्याला, अंघोळीला. गंगा काही आटत नाही आपली."

मामांनी पळी पातेल्यात ठेवली.

"विहिरीत गंगा नाही, पंत."

"काय?"

"पोखऱ्याचं पाणी आहे. मी मोजून बघितलं. अर्ज माझा होता, तो मी मागे घेतो. सव्वीस वर्षं मी लोकांना चुकीचं सांगितलं. सत्त्याऐंशीला आपण एकशे आठ घागरी ओतल्या, तेव्हा पोखरा कोरडा होता. पोखरा बुजवला की विहीर मरेल. मग सोवळ्याचं पाणी आणायचं कुठून?"

जो गोंगाट झाला तो विचारू नका. कुणी म्हणालं नास्तिक, कुणी म्हणालं या बाळूने कान भरले. यज्ञेश्वरपंत उठून उभे राहिले, लाल झाले होते. "पाटी काढायला लावाल तुम्ही! उद्या छत्राला दाम कोण देईल?"

"दाम मी नाही सांगू शकत. रोज अडीच घमेली जास्त कोळसा लागेल, तो सांगू शकतो."

गोपीनाथराव मध्येच म्हणाले, "दिवसाला अडीच?" त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि यज्ञेश्वरपंतांच्या हाताखालून पत्र ओढून घेतलं. "आज नको. सही आज नको."

तीन विरुद्ध दोन. पत्र झालं नाही. लल्लन खोकं परत रिक्षात चढवताना मला ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरु, दाल के चक्कर में मोटर गँवाए।" मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

मामांना मात्र सूट मिळाली नाही. दुसऱ्या दिवसापासून यात्रेकरूंना तीर्थ द्यायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. पाटी राहिली आणि तिच्याखाली छत्राच्या पुजाऱ्याचा पुतण्या उभा राहू लागला. ताटलीही त्याचीच. दोन दिवसांनी मामी म्हणाल्या, "कळश्या तरी तुमच्याकडेच ठेवल्या, हे नशीब."

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा माझ्या दारात. अंगात सदरा. मी त्यांना सदऱ्यात पहिल्यांदा बघत होतो.

"चल, पोखरा दाखव."

मला हसूच फुटलं. छत्रापासून चारशे पावलं, आणि हा माणूस तिथे एकदाही गेला नव्हता! वाट म्हशींच्या गोठ्यातून, धोब्यांच्या ओळीतून जाते. सोवळ्यातल्या माणसाला तिकडे कामच काय?

काठावर गोठ्यातला रामधनी म्हशी धूत होता. त्याने मामांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "का महाराज, रस्ता भुला गए?"

"देखने आए हैं।"

"का देखने? मच्छर?"

मामांनी काठाच्या उंच गवताकडे बोट केलं. "ये क्या है?"

"पटेर। चटाई बनत है।"

"जड़ कितनी नीचे जाती है इसकी?"

"हम का उखाड़ के नापे हैं?" रामधनी खदाखदा हसला.

पलीकडच्या काठावर एका ट्रकने हौदा उलटा केला आणि लाल माती पाण्यात कोसळली. तिकडचे दोन हिस्से विकलेले होते, ते कुणी थांबवणार नव्हतं. इकडे छत्राच्या हिश्शाचा दगड पाण्यात अर्धा बुडालेला दिसत होता.

"दोन हिस्से बुजले तर विहीर किती उतरेल?" मामांनी विचारलं.

"ठाऊक नाही."

"कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही, मामा. कुणी मोजलेलंच नाही."

मामांनी सदरा काढून माझ्या हातात दिला, धोतर वर खोचलं आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरले. रामधनी "अरे, अरे, फिसलिएगा!" करत त्यांचा दंड धरायला धावला. दोघांनी मिळून एक पटेर धरली आणि ओढली. ती सुटेना. मामांचा खांदा दुखला असणार, तोंड वाकडं झालं, पण सोडली नाही. शेवटी काळ्या गाळाचा लोळ घेऊन ती वर आली. मामांनी ती काठावर आडवी टाकली आणि मुळाशेजारी स्वतःचा हात टेकवला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत.

"एक हात आणि चार बोटं," ते म्हणाले. "लिहून घे."